तुझ्या नावावरचे साठ हजार

भाई, तुला गुस्ल देताना, तुझी शेवटची आंघोळ घालताना, लतीफचाचांनी तुझ्या उजव्या हातावर माझ्या दातांची खूण पाहिली. मनगटाच्या वर चार बोटांवर. अकरा दिवस झाले होते तरी ती गेली नव्हती, काळीनिळी होऊन बसली होती. चाचा मला म्हणाले, "बेटी, दोराने छातीचं जे केलं ते बघवत नव्हतं. पण ते दात कुणाचे ते मला माहीत होतं, म्हणून तिथे मी हळूच पाणी घातलं." तू माझ्या चाव्याची खूण घेऊन मातीत गेलास आणि खरं सांगते, मला त्याची लाज वाटली नाही. राग तेव्हाही होता. तुला जाऊन तीन महिने होत आले, आजही आहे.

तुझ्याबद्दल सगळे खोटं बोलतात. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "इम्तियाज म्हणजे गरीब गाय." कुठली गाय? आपण दोघं लहानपणापासून एकमेकांना बडवत मोठे झालो. दुबईत देऱ्याच्या त्या एका खोलीत मधोमध पडदा, पलीकडे अम्मी-अब्बा, अलीकडे आपण, आणि अलीकडे रोज लढाई. तू माझी वही फाडायचास, मी तुझ्या बुटात पाणी ओतायचे. तू चापट मारलीस की मी हाताला येईल ते फेकायचे. अब्बा गेले तेव्हा तू एकोणीसचा होतास, मी चौदाची. त्यांना दफन करून तू परत आलास त्या संध्याकाळीही आंघोळीला आधी कोण जाणार यावरून आपण एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. अम्मी दारात बसून रडत म्हणाली, "अरे, आज तरी नको रे." हे दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय. आणि मराठीत लिहितेय, कारण तुझ्याशी इंग्लिशमध्ये भांडताच यायचं नाही. मी इंग्लिशमध्ये उत्तर दिलं की तू म्हणायचास, "मेमसाब, शिवी आपल्या भाषेत द्या, ही पोचत नाही."

तू दुसऱ्यांनाही मारलंस. धक्क्यावर माझ्या ओढणीला हात लावणाऱ्या त्या माणसाचं नाक तू फोडलंस आणि मग घरी येऊन, "तिथून गेलीसच कशाला," म्हणून मलाही ठेवून दिलीस. मी तुला लाटण्याने मारलं. तुझ्या कोपराला सूज आली तर रात्रभर बर्फ मीच धरला. प्रेम होतं का? होतं असणार. पण त्याला हात-पाय होते आणि ते आधी चालायचे.

अब्बा गेल्यावर तुला फुजैराला नोकरी लागली. समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना तेल नेऊन देणाऱ्या बार्जवर खलाशी. दोर बांधायचे, पाइप ओढायचे, डेक धुवायचा. पगार बावीसशे दिरहॅम, म्हणजे पन्नास हजार रुपये. अम्मीला तू सांगितलंस सात हजार, आणि पोस्ट सांगितलीस ऑफिसर. माझी बारावी झाली, अम्मी रायगडला आपल्या घरी परत गेली आणि तिने ते अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलं. सात हजारांच्या हिशोबाने तू घरी पैसे पाठवायचास. खायचास काय, हे आम्ही दोघींनी कधी विचारलं नाही.

कम्युनिटी कॉलेजची कल्पना माझी होती. अब्बांचे दोस्त लतीफचाचा, त्यांच्या फुजैराच्या फ्लॅटमध्ये, चाचीच्या किचनमध्ये बसून मी तुला समजावलं. आधी दोन वर्षं अल ऐनच्या छोट्या कॉलेजात, फी कमी, व्हिसा कॉलेजचाच. मार्क चांगले पडले की तिथून मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. इथे केलेले विषय ते तिथे धरतात, परत करावे लागत नाहीत. माझा अंदाज होता की तू डोकं खाशील. तू दोनच प्रश्न विचारलेस.

"शेवटी सर्टिफिकेटवर नाव कुणाचं?"

"मोठ्याचं."

"आणि पहिली दोन वर्षं कुठे होतीस, ते कोण विचारतं?"

"कुणी नाही."

"खलास. हेच करायचं." आणि तू परत भात कालवायला लागलास. आपल्या नात्यातल्या शिकलेल्या लोकांना हे मी सहा-सहा वेळा समजावलंय, तरी ते अजून विचारतात, पोरीला छोट्या कॉलेजात का घातलं.

त्या दोन वर्षांबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते, एकदाच. तू डेकवरून फोन करायचास आणि म्हणायचास, "बोल, आज काय शिकवलं." मी इकॉनॉमिक्सचा धडा सांगायचे. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते, त्या सोडलेल्या गोष्टीची किंमत वगैरे. तू पलीकडून हसायचास. "हे शिकवायला पैसे घेतात? मला विचारायचं, मी फुकट सांगितलं असतं." मी फोन आपटायचे. मग परीक्षेत मी तेच उदाहरण लिहिलं, फुजैराचा एक खलाशी आणि त्याचा पगार. पैकीच्या पैकी मिळाले. तुला सांगितलं नाही, कारण तू त्याचे पैसे मागितले असतेस.

एकोणीस विषय केले, मोठ्या युनिव्हर्सिटीने सतरा धरले. प्रत्येक विषयासाठी कुठला प्राध्यापक, कुठलं पुस्तक, किती तास, सगळे कागद जोडावे लागले. सीट मिळाली तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून तुला फोन केला आणि तू बार्जवरच्या सगळ्यांना ओरडून सांगितलंस, ते मला फोनमधून ऐकू आलं. मग तू विचारलंस, "फी किती?"

"वर्षाला ऐंशी हजार."

तू मोठ्याने रुपये केलेस. "अठरा, नाही, साडेअठरा लाख."

मी म्हटलं, घाबरू नकोस. ज्याच्या घरी नाही त्याची फी ते स्वतः भरतात. फक्त नाही आहे, हे दाखवावं लागतं. घर चालवणाऱ्या माणसाचा वेगळा फॉर्म असतो, त्याच्या ईमेलवर येतो, सोबत बँकेचं स्टेटमेंट लावायचं. तू म्हणालास, "ते माझ्यावर सोड." आणि मी सोडलं. भाई, त्या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, आणि तो तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे. मी तिथेच दात-ओठ खाऊन म्हणायला हवं होतं की नाही, फॉर्म मी बघणार.

आपल्या लोकांना आयुष्यभर एकच माहीत. कागद मागितला की श्रीमंत दिसायचं. बायकोला आणायची असो, परदेशाचा व्हिसा असो, गावचे चार-पाच जण खात्यात पैसे टाकतात, स्टेटमेंट निघतं, पैसे ज्याचे त्याला परत. ना चिठ्ठी, ना सही. अब्बांनी अम्मीला दुबईला असंच आणलं. तीस-चाळीस वर्षं सगळ्या ऑफिसांनी आपल्याला एकच विचारलं, पैसे आहेत का. पहिल्यांदा कुणी विचारलं की पैसे नाहीत ना? तर तू पाच जणांकडून साठ हजार दिरहॅम गोळा केलेस, तीन महिने खात्यात ठेवलेस, स्टेटमेंट काढलंस आणि फॉर्मवर "फी आम्ही भरू शकतो" या चौकटीत टिक केलीस. त्यातले पंधरा हजार लतीफचाचांचे होते, मुलीच्या लग्नाचे.

युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं. कुटुंबाची परिस्थिती पाहता मदतीची गरज दिसत नाही. मी फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की तुमच्या भावाची सेव्हिंग्ज चांगली आहेत. मी हसले. मग तिने आकडा सांगितला आणि माझ्या हातातला पेन मी इतका जोरात दाबला की तो मोडून शाई बाहीवर आली.

अल ऐनहून टॅक्सी करून मी थेट फुजैराला आले. तू चाचीच्या किचनमध्ये बांगडे साफ करत होतास.

"काय दाखवलंस त्यांना?"

"बॅलन्स."

"कुणाचा?"

"आपला."

"आपला किती आहे?"

तू कल्ले काढत राहिलास. "आत्ता? आठशे."

"त्यांना गरीब पाहिजे होता, भाई. आपण आहोत ना गरीब. फुकटात आहोत. तेवढं एक दाखवायचं होतं, तेही तुला जमलं नाही."

तू मला मारलंस. माशाच्या हाताने, तोंडावर. ओठ दातावर फुटला आणि रक्तात खवल्यांचा वास मिसळला. मी बांगड्यांचं ताट उचलून तुझ्या अंगावर फेकलं. चाची किंचाळली. तू म्हणालास, "अब्बांनी हात पसरायला शिकवलं होतं का?" मी म्हटलं, "हा अर्ज आहे, भीक नाही." तू म्हणालास, "अर्जात आम्ही गरीब आहोत असं लिहायचं, तर मग भीक कशाला म्हणतात?"

मी पर्समधून कागद काढला. रस्त्यातच लिहिला होता, इंग्लिशमध्ये, सात ओळी. हे पैसे माझे नव्हते, मित्रांचे होते, माझा पगार इतका. खाली तुझं नाव. अपील करायची मुदत होती, नवीन स्टेटमेंट आणि हे पत्र दिलं की ते परत बघणार होते. तू वाचलंस आणि फाडलंस. माझ्याकडे दुसरी कॉपी होती. तू तीही फाडलीस. मग तू जे बोललास ते मी शब्दन् शब्द लिहिते, कारण ते भांडण अजून संपलेलं नाही.

"आधी साठ हजार दाखवले. आता आठशे दाखवू? तुला काय वाटतं, ते म्हणतील किती खरे लोक आहेत? चोर म्हणतील, नाझ. फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणतील. पैसे तर सोड, सीटपण जाईल. दोन वर्षं पाण्यात जातील. मी सही करणार नाही."

हा विचार मी केलाच नव्हता. म्हणून मी तुझ्या हाताला चावले. तू माझे केस धरून डोकं मागे ओढलंस, मी सोडलं नाही, तुझं रक्त माझ्या तोंडात आलं तरी सोडलं नाही. शेवटी चाचांनी मासे धुतलेल्या पाण्याची बादली आपल्या दोघांवर ओतली. "जनावरं आहात का?" ते म्हणाले. आपण दोघं एकदमच म्हणालो, "हिने सुरू केलं", "याने सुरू केलं". चाची हसायला लागली. आपण हसलो नाही.

दहा दिवसांनी तुझा फोन आला. तू म्हणालास, "टेन्शन घेऊ नकोस, मी बघतोय, इन्शाल्ला होईल." मी विचारलं, सही केलीस का? तू म्हणालास, नाही, पण बघतोय. मी म्हटलं, "मग तोंड दाखवू नकोस मला." तू म्हणालास, "नाही दाखवत, जा." दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्लासमध्ये होते तेव्हा चाचांचा फोन आला.

बार्ज जहाजाला बांधताना दोर ताणला गेला आणि तुटला. तुटलेलं टोक उलटं आलं आणि तुझ्या छातीवर बसलं. तुझ्या सोबतचा माणूस म्हणाला, बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला, आम्ही खाली वाकलो, इम्तियाज वाकला नाही. मी त्याची कॉलर धरली. "तुम्ही वाकलात आणि त्याला सांगितलं नाहीत?" तो बिचारा रडायला लागला. मला त्याची दया आली नाही.

तोंड बघायचंय का, असं विचारलं तेव्हा मी गेले. सगळे म्हणत होते चेहऱ्यावर नूर आहे. नूर वगैरे काही नव्हता. कपाळाला आठी होती, खालचा ओठ पुढे आला होता, आता शिवी देशील असं वाटत होतं. अम्मी वेळेत पोचू शकली नाही, तिच्या पासपोर्टची मुदत संपली होती. चाचीकडे बायका जमल्या. एक जण माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सब्र कर, तो चांगल्या जागी आहे." मी तिला असं ढकललं की ती सोफ्यावर पडली. मग बाथरूममध्ये जाऊन मी भिंतीवर डोकं आपटलं, तीनदा, चौथ्यांदा चाचीने मध्ये हात घातला आणि तिची बोटं चेंगरली.

पाचव्या दिवशी ते पाच जण आले. दारातच उभे राहिले, चपला काढेनात. घर लतीफचाचांचंच, पण तेही त्या चौघांबरोबर दाराबाहेर उभे होते. बोलायलाही तेच पुढे झाले. "बेटी, ही वेळ नाही, पण बँक थांबणार नाही म्हणून सांगतो. इम्तियाजने पैसे परत घेतले होते. साठ हजार. परत खात्यात टाकले होते, आठवड्यापूर्वी."

तेव्हा मला कळलं की तू काय बघत होतास. अपीलसाठी युनिव्हर्सिटीने नवीन स्टेटमेंट मागितलं म्हणून तू खातं पुन्हा भरलंस. पहिलं खोटं पकडलं जाऊ नये म्हणून तेच खोटं दुसऱ्यांदा. आणि माणूस गेला की इथे बँक खातं बंद करते, वारसदाखला येईपर्यंत कुणी हात लावू शकत नाही. पाच माणसांची कमाई तुझ्या नावावर अडकली आणि तू कबरीत. मी त्यांच्यासमोरच हसायला लागले, थांबता येईना. ते पाच जण घाबरून एकमेकांकडे बघत होते.

वारस दोघीच, अम्मी आणि मी. अम्मीने मुखत्यारपत्रावर न वाचता सही करून पाठवलं, म्हणजे जे करायचं ते मीच करायचं. कोर्टातल्या क्लार्कने मला समजावून सांगितलं. खातं ज्याच्या नावावर, पैसे त्याचे, आणि आता तुमचे. दुसऱ्या कुणाला पुरावा नसेल तर मागता येणार नाही. वारसांनी स्वतः लिहून दिलं की हे पैसे आमचे नाहीत, तरच. मी विचारलं, लिहून नाही दिलं तर? तो म्हणाला, "तो मबरूक, मुबारक हो, पैसा आपका."

साठ हजार. तेरा-चौदा लाख. पहिल्या वर्षाच्या फीला थोडेच कमी. उरलेलं मी शिकवण्या घेऊन जमवलं असतं. कुठेही माझी लाज गेली नसती, कुणाला पत्र द्यावं लागलं नसतं, सीटला धक्का लागला नसता. भाई, मी नऊ दिवस गप्प बसले. नऊ दिवस मी चोर होते. तुला वाटत असेल बहीण लगेच उठून गेली, तर तसं नाही. मी चाचीच्या घरी राहायचे, त्यांचंच जेवायचे आणि त्यांच्याच पोरीच्या लग्नाच्या पैशांवर बसून होते. चाचा रोज कामावरून येताना माझ्यासाठी काहीतरी आणायचे, कधी संत्री, कधी समोसे, आणि पैशांचा शब्द काढायचे नाहीत. त्या गप्प राहण्याचा मला इतका संताप यायचा की त्यांना मारावंसं वाटायचं.

नवव्या दिवशी मी समोशांची पिशवी भिंतीवर फेकली. "बोला ना एकदा, पैसे पाहिजेत म्हणून. शिव्या द्या मला."

चाचा खाली बसून चटणी पुसायला लागले. म्हणाले, "तुझ्या भावाने मागितले तेव्हा मी कशाला ते विचारलं नाही. दुसऱ्यांदा मागितले तेव्हाही नाही. आता तुला काय विचारू?"

दुसऱ्या दिवशी मी टायपिंग सेंटरला गेले. अरबीत टाइप करून देणारा माणूस मलबारी होता, चष्मा कपाळावर. त्याने विचारलं, "भाई का पोस्ट क्या था?" मी म्हटलं, "खलासी." "सॅलरी?" "बावीसशे." "और ये साठ हजार?" "उसका नहीं था." तुझ्या तोंडून जे काढायला मी तुझं रक्त काढलं, ते मी पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले. त्याने टाइप केलं, मी दोन सह्या केल्या, एक माझी आणि एक अम्मीच्या वतीने. बाहेर येऊन मी पार्किंगमध्ये एका खांबाला लाथा घातल्या. अंगठ्याचं नख गेलं.

पैसे ज्याचे त्याला मिळाले. कोर्टाचा तोच कागद, भाषांतर करून, मी अपीलला जोडला. युनिव्हर्सिटीने मला बोलावलं. टेबलापलीकडे दोन जण होते. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदा खातं कसं भरलं, दुसऱ्यांदा कसं, आपल्या लोकांची रीत काय. त्यातल्या बाईंनी विचारलं की पण गरज होती तर त्याने गरज नाही असं का दाखवलं? मी दहा मिनिटं बोलले. त्यांना किती कळलं माहीत नाही. बाहेर पडले तेव्हा मला खात्री होती की तुझं खरं झालं, सीट गेली.

सीट गेली नाही. पूर्ण फी माफ झाली, हॉस्टेल आणि जेवणाचं मी लायब्ररीत काम करून भागवणार. म्हणजे तू चुकलास आणि मी जिंकले, असं मला तुझ्या तोंडावर ओरडून सांगायचं होतं. पण सांगू कशी? तू जिवंत असतास आणि आपण ते सात ओळींचं पत्र दिलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं? त्या बाईंनी कोर्टाचा कागद वाचताना तू गेलास त्या तारखेवर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे बघितलं, ते मी पाहिलं. तू मेलास म्हणून त्यांचं मन वळलं असेल. कदाचित तुझंच बरोबर होतं. हे आता कुणालाच कळणार नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी तुला कधी माफ करणार नाही. भांडण अर्धं टाकून जायची तुझी ही पहिलीच वेळ.

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी मी गावी गेले. अम्मी अर्धी झालीय. पण तिच्या जवळ एक गोष्ट होती, तिच्यावर ती उभी होती. फुजैराहून कुणीतरी तिला सांगितलं होतं की इम्तियाजच्या खात्यात साठ हजार होते. "चौदा लाख," ती येईल त्याला सांगत होती. "एवढ्या लहान वयात माझ्या पोराने चौदा लाख साठवले. ऑफिसर होता ना." त्यातून मशिदीच्या वजूखान्याला, नमाजाआधी हातपाय धुतात तिथे, तुझ्या नावाने नवी फरशी आणि नळ बसवायचे तिने मौलवीसाहेबांशी ठरवूनही टाकलं होतं.

शुक्रवारी घरात बायका कुराण वाचायला बसल्या होत्या. वाचून झालं, शरबत फिरलं आणि अम्मीने सगळ्यांसमोर मला विचारलं, "नाझ, भाईचे पैसे कधी येणार?"

खरं काय ते माझ्या जिभेवर होतं. टायपिंगवाल्याला सांगितलं होतं, कोर्टाला सांगितलं होतं, युनिव्हर्सिटीतल्या दोन अनोळखी माणसांना सांगितलं होतं. अम्मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणखी एकदा सांगायचं होतं. अम्मी, तो दोर ओढायचा, त्याला बावीसशे मिळायचे, ते चौदा लाख दुसऱ्यांचे होते, आणि तुला पैसे पाठवून तो काय खात होता ते अल्लालाच ठाऊक. बायका माझ्याकडे बघत होत्या. अम्मी माझ्याकडे बघत होती, मान ताठ होती तिची, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, "आले. माझ्या फीला गेले."

"सगळे?"

"सगळे."

ती उठली. मला वाटलं आत जाईल. ती माझ्यापाशी आली आणि तिने मला मारलं, एकदा, परत एकदा, मग दोन्ही हातांनी. "माझ्या पोराच्या मरणावर शिकतेस? त्याच्या नावाचा एक नळसुद्धा नाही ठेवलास?" बायकांनी तिला धरलं तरी तिचे हात चालत होते. मी जागची हलले नाही. एक शब्द बोलले असते तर ती थांबली असती, आणि तो शब्द मला बोलता आला नाही, भाई. तुला सही करता आली नव्हती, तशीच मला.

सोमवारपासून क्लास आहेत. मोहल्ल्यात तू अजून ऑफिसर आहेस, आणि मी भावाचे पैसे खाल्लेली बहीण. अम्मी माझा फोन घेत नाही. मी तिला सांगणार नाही.